कुलूप कोणी घातले? : संगणकाची भाषा शिकवण्याची एक रीत

संगणक ही नव्या युगाची विद्या आहे, ती सर्वांना खुली आहे, तिच्या दारात जात विचारली जात नाही, असे आज पुष्कळ ठिकाणी आणि पुष्कळ उत्साहाने सांगितले जाते. ह्या विधानाचा अर्धा भाग खरा आहे. यंत्र जात विचारत नाही. परंतु यंत्रापुढे बसायला कोणाला मिळते, बसल्यावर त्याच्या हाती कोणते काम येते, आणि यंत्राच्या पोटात जे नियम लिहिले जातात ते कोणाच्या डोक्यातून उतरतात, ह्या तीन प्रश्नांची उत्तरे समाजरचनेच्या बाहेर शोधता येत नाहीत. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या पंचाहत्तराव्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ साली, देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता; शहरात हे प्रमाण २३.४ टक्के होते. त्यानंतर मोबाईल वाड्यावस्त्यांवर पोचला हे खरे. पण मोबाईल हातात येणे म्हणजे पडद्यावर दुसऱ्याने मांडलेले पाहणे. स्वतः काही मांडणे ही वेगळी गोष्ट आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिकपूर्व वर्गांपासूनच कोडिंगचा परिचय करून द्यावा असे म्हटले आहे. तो परिचय कोणत्या रीतीने व्हावा, ह्याचा विचार आपल्यासारख्या शिक्षकांनी केला नाही, तर तो आपल्यासाठी दुसरेच कोणी करतील.

मी तालुक्याच्या गावी महाविद्यालयात शिकवतो. माझ्या वर्गात बसणाऱ्या बहुतेक मुलामुलींच्या घरात, माझ्या घरासारखेच, पदवी हा शब्द प्रथमच येत आहे. ह्या मुलांना प्रोग्रामिंगचे पहिले धडे देताना मी गेली काही वर्षे एक रीत वापरतो. मुलांनी ‘एस्केप रूम’ म्हणजे सुटकेच्या खोलीचा खेळ स्वतः रचायचा, आणि तो रचता रचता भाषा शिकायची. ह्या रीतीचे स्वरूप, तिच्यातील पायऱ्या आणि तिच्यातून उभे राहणारे काही प्रश्न येथे मांडतो.

सुटकेचा खेळ म्हणजे काय? खेळणारा एका बंद खोलीत आहे असे मानायचे. खोलीत वस्तू आहेत, चिठ्ठ्या आहेत, कुलपे आहेत. एका वस्तूतून दुसरीचा माग लागतो, कोडे सुटते, किल्ली मिळते, दार उघडते. पडद्यावरचा असा एक गाजलेला खेळ तोशिमित्सु ताकागी ह्या जपानी माणसाने २००४ साली केला. प्रत्यक्ष खोलीत माणसांना कोंडून खेळवण्याचा प्रकार ताकाओ कातो ह्याने २००७ साली क्योतो शहरात सुरू केला. परंतु ह्या सर्वांचे मूळ त्याहून जुने आहे. १९७५-७६ च्या सुमारास विल क्राउदर ह्या अमेरिकन प्रोग्रामरने आपल्या मुलींसाठी केवळ शब्दांत चालणारा एक खेळ लिहिला. खेळणाऱ्याने ‘उत्तरेला जा’, ‘दिवा घे’ असे टाइप करायचे आणि यंत्राने पुढे काय दिसते ते सांगायचे. क्राउदर गुहा धुंडाळणारा माणूस होता, आणि खेळातील गुहा केंटकी राज्यातील मॅमथ केव्ह ह्या प्रचंड गुहासंकुलाच्या एका भागावर बेतलेली होती.

ह्या गुहेचा इतिहास ह्या नियतकालिकाच्या वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगा आहे. मॅमथ केव्हचा दूरवरचा शोध घेणारा आणि तिचा नकाशा स्मरणाने काढणारा माणूस स्टीफन बिशप हा एक काळा गुलाम होता. १८३८ मध्ये त्याच्या मालकाने त्याला वाटाड्या म्हणून तेथे जुंपले. १८४२ मध्ये त्याने काढलेला नकाशा पुढे छापला गेला आणि कित्येक वर्षे वापरात राहिला. त्याची स्वतःची गुलामगिरीतून सुटका १८५६ साली झाली, आणि पुढल्याच वर्षी तो मरण पावला. सुटकेच्या खेळांच्या उगमाशी असलेल्या गुहासंकुलातल्या वाटा ज्याने कागदावर आणल्या, त्याला स्वतःला त्या गुहेबाहेरच्या जगात मोकळे फिरता येत नव्हते. वर्गात मी हे सांगतो तेव्हा मुले काही वेळ गप्प होतात. नकाशा काढणारा आणि मालक हे दोघे वेगवेगळे असू शकतात, ही गोष्ट त्यांना समजावून सांगावी लागत नाही.

आता रीतीकडे वळू. प्रोग्रामिंगच्या पाठ्यपुस्तकांत पहिले धडे साधारणपणे ठरलेले असतात. मूळ संख्या शोधा, चक्रवाढ व्याज काढा, गुणपत्रिका छापा. हे धडे वाईट नाहीत. परंतु त्यांत मुलाला उत्तर आधीच ठाऊक असते, किंवा उत्तराशी त्याचे काही देणेघेणे नसते. सेमोर पेपर्ट ह्या शिक्षणचिंतकाने ही अडचण फार पूर्वी ओळखली होती. पेपर्ट मूळचा दक्षिण आफ्रिकेतला, तरुणपणी वर्णभेदाविरुद्धच्या चळवळीत वावरलेला. १९६७ साली वॉली फ्योरझाइग आणि सिंथिया सॉलोमन ह्यांच्यासमवेत त्याने मुलांसाठी लोगो ही भाषा घडवली. यंत्राने मुलाला घडवण्याऐवजी मुलाने यंत्राला शिकवावे, आणि मूल जे शिकते ते दुसऱ्याला दाखवण्याजोगी वस्तू करताना शिकावे, असा त्याचा आग्रह होता. सुटकेची खोली ही अशी वस्तू आहे. ती रचायला घेतली की प्रोग्रामिंगची मूळ तत्त्वे आपोआप लागू लागतात.

पहिली पायरी कागदावरची. यंत्राला हात न लावता मुलांनी नकाशा काढायचा : किती खोल्या, कोणत्या खोलीतून कोठे जाता येते, कोणते कुलूप कशाने उघडते. येथेच पहिला धडा मिळतो. पुष्कळ गटांच्या नकाशात एखादी किल्ली त्याच कुलपाच्या आड ठेवलेली सापडते. पेटीची किल्ली कपाटात, आणि कपाटाची किल्ली पेटीत. अशी खोली कोणालाही सुटणार नाही. हे मुलांनी बोटाने रेघा गिरवत स्वतः शोधायचे असते. कशाच्या आधी काय हवे, हा क्रमाचा विचार म्हणजेच प्रोग्रामिंगचा निम्मा भाग होय.

दुसरी पायरी म्हणजे स्थिती लक्षात ठेवणे. दार बंद आहे की उघडे, पिशवीत काय आहे, किती प्रयत्न उरले, हे यंत्राला कोठेतरी नोंदवून ठेवावे लागते. त्या नोंदीच्या जागेला व्हेरिएबल, म्हणजे चल, म्हणतात. मी पायथॉन ही भाषा वापरतो. ती गिडो व्हॅन रॉसम ह्याने १९९१ साली प्रसिद्ध केली. तिच्या २००८ सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून चलांची नावे देवनागरीत लिहिता येतात. भाषेचे मूळ शब्द इंग्रजीच राहतात. पण ‘दार’, ‘पिशवी’, ‘प्रयत्न’ ही नावे मुलांना आपल्या भाषेत ठेवता येतात. हे पुष्कळ शिक्षकांना ठाऊक नसते, आणि इंग्रजीच्या धाकाने मागे सरलेल्या मुलांच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नाही.

तिसरी पायरी अटीची. शब्द मराठीत मांडले तर ती अशी दिसते :

जर उत्तर = संकेत
    तर दार = ‘उघडे’
नाहीतर
    प्रयत्न = प्रयत्न – १

चौथी पायरी पुनरावृत्तीची, म्हणजे लूपची : जोवर दार बंद आहे आणि प्रयत्न शिल्लक आहेत, तोवर पुन्हा विचार. पाचवी फंक्शनची : कुलूप एकदाच नीट लिहून ठेवायचे आणि प्रत्येक खोलीत त्याच नावाने बोलवायचे. प्रत्येक पायरीला सरावासह दोन-तीन तासिका पुरतात. पहिला चालता खेळ साधारण महिनाभरात उभा राहतो.

तिसऱ्या पायरीवर एकदा जे घडले ते सांगण्यासारखे आहे. एका विद्यार्थिनीने कोडे घातले होते. त्याचे उत्तर होते ‘पाणी’. दुसऱ्या गटातील मुलाने ‘पानी’ असे टाइप केले आणि दार उघडले नाही. तो पुन्हा पुन्हा तेच लिहीत राहिला. त्याच्या मते उत्तर बरोबर होते, आणि ते होतेच. यंत्र अक्षर तपासते, अर्थ त्याला कळत नाही. प्रश्न एवढाच होता, की ‘ण’ हेच बरोबर आणि ‘न’ चूक, हे यंत्राला कोणी सांगितले? त्या मुलीनेच सांगितले होते. ती म्हणाली, “सर, माझी आजीपण पानीच म्हणते.” आपल्या आजीला दाराबाहेर ठेवणारा नियम आपण लिहून बसलो, हे तिच्या ध्यानात आले. तिने ‘उत्तर संकेताशी समान आहे का’ ह्या तपासणीच्या जागी ‘उत्तर मान्य उत्तरांच्या यादीत आहे का’ अशी तपासणी घातली, आणि त्या यादीत दोन्ही शब्द लिहिले. यादी हा प्रोग्रामिंगमधला स्वतंत्र धडा आहे. त्या दिवशी तो सगळ्या वर्गाने एकाच बैठकीत आत्मसात केला. प्रमाणभाषेचा जो वाद आपण साहित्यात इतकी वर्षे घालत आलो, तो कोडच्या एका ओळीत असा उभा राहतो.

आकड्यांचेही तसेच. खेळणाऱ्याने देवनागरीत १२ लिहिले आणि संकेत इंग्रजी आकड्यांत ठेवलेला असला, तर अक्षरे म्हणून ही दोन वेगळी ठरतात आणि कुलूप उघडत नाही. परंतु आलेले उत्तर आधी संख्येत बदलून घेतले तर पायथॉनला दोन्ही सारखीच कळतात. म्हणजे भाषेत सोय आहे. ती वापरायची की नाही हे लिहिणाऱ्याच्या मनावर. ज्याच्या डोळ्यांसमोर देवनागरी आकडे लिहिणारा माणूसच नसतो, त्याला ही सोय वापरण्याची आठवण होणार नाही.

ह्या सर्वांपेक्षा मोठी गोष्ट एका गटाच्या खेळातून पुढे आली. खेळाचा विषय काय असावा हे मी ठरवत नाही. बहुतेक गट भुताचा वाडा, राजाचा खजिना असे काही घेतात, आणि त्यात गैर काही नाही. ह्या गटाने विषय घेतला ‘दाखला’. खेळणारा एक विद्यार्थी आहे. त्याला जातीचा दाखला आणि पुढे वैधता प्रमाणपत्र मिळवायचे आहे. प्रवेशाची मुदत हाच त्याचा उरलेल्या प्रयत्नांचा आकडा.

ज्यांना ह्या प्रक्रियेतून जावे लागत नाही त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण. महाराष्ट्रात जात प्रमाणपत्र उपविभागीय अधिकारी, म्हणजे प्रांत, देतात; त्याची तपासणी जात पडताळणी समिती करते. ह्याबाबतच्या २००० सालच्या राज्याच्या कायद्यानुसार दावा सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर असते. पुरावा लागतो तो मानीव दिनांकापूर्वीचा : अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. आता ज्याच्या आजोबाला शाळेत बसूच दिले नाही, त्याने आजोबाच्या शाळेचा दाखला कोठून आणावा? मुलांच्या नकाशात हे कुलूप पहिल्याच दिवशी आले, आणि किल्ली त्याच कुलपाच्या आड होती. शिक्षण नाकारले गेले म्हणून जी सवलत, ती मिळवण्यासाठी शिकल्याचा कागद.

परंतु खेळ पुढे न्यायचा तर दुसरी वाट शोधणे भाग होते. मुले तलाठी कार्यालयात गेली, वडीलधाऱ्यांना विचारू लागली. शाळेची नोंद नसेल तर गाव नमुना चौदा, म्हणजे जन्ममृत्यूचे कोतवाल बुक, पाहता येते. त्यात जातीची नोंद सापडू शकते. जुनी नोंद पुष्कळदा मोडी लिपीत असते आणि ती वाचून, लिप्यंतर करून घ्यावी लागते. वडिलांकडील रक्ताच्या नातलगाला वैधता मिळालेली असेल तर वाट बरीच सोपी होते. समितीचे कागदांनी समाधान झाले नाही तर दक्षता पथकाकडून शाळा, गाव, घर येथे चौकशी होऊ शकते. ही माहिती मुलांनी खोल्यांच्या रूपाने मांडली, आणि तेथे प्रोग्रामिंगमधील दोन लहान शब्द ऐरणीवर आले : ‘आणि’ व ‘किंवा’.

जर शाळेची नोंद आहे आणि कोतवाल बुकातील नोंद आहे, तर दार उघड. जर शाळेची नोंद आहे किंवा कोतवाल बुकातील नोंद आहे, तर दार उघड. ह्या दोन ओळींत एका शब्दाचा फरक आहे. पहिल्या ओळीत एक कागद नसला तर माणूस संपला. दुसरीत एक नसला तर दुसरा चालतो. काही कागद सर्वांना आवश्यकच असतात, तेथे ‘आणि’ योग्य. पण जुन्या पुराव्याच्या बाबतीत एकाऐवजी दुसरा चालतो, तेथे ‘किंवा’ आहे. गटातील एक मुलगा म्हणाला, की त्याच्या वडिलांना खिडकीवर नेहमी ‘आणि’च ऐकू आले. हे आणा, तेही आणा, आणि मग या. नियम लिहिणारा एक शब्द लिहितो, नियम सांगणारा दुसरा उच्चारतो, आणि मधल्या जागेत एका मुलाचे वर्ष जाते. तर्कशास्त्राचा हा धडा मी फळ्यावर सत्यसारणी काढून शिकवला असता तर परीक्षेपुरता लक्षात राहिला असता. ह्या मुलांना तो आयुष्यभर पुरेल. आणि त्यांतील दोघे आज वस्तीतल्या इतरांचे अर्ज भरताना ‘हा कागद नसेल तर त्याऐवजी कोणता चालेल?’ असे खिडकीवर विचारतात.

गटात एक मुलगी भटक्या जमातीची होती. तिने स्वतःची एक खोली जोडली. त्या खोलीला किल्ली ठेवली नाही. तिच्या पणजोबांचा जन्म पालात झाला, पाल कोठे होते ते कोणाला आठवत नाही, कोणत्या गावाच्या बुकात नोंद शोधायची हाच प्रश्न. इतर मुले म्हणाली, हा दोष आहे, सुटत नसेल तर तो खेळ कसला? ती म्हणाली, दोष असेल तर माझ्या खोलीत नाही.

हा वाद मी मिटवला नाही, कारण तो मिटवण्यासारखा नाही. प्रोग्राममधील दोष दोन प्रकारचे असतात, एवढेच मी वर्गाला सांगितले. एकात कोड नियमाप्रमाणे चालत नाही. तो दोष कोडमध्ये शोधायचा. दुसऱ्यात कोड नियमाप्रमाणे अगदी बिनचूक चालते, आणि तरी माणूस आत अडकतो. तेथे दोष नियमात असतो, आणि तो संगणकापुढे बसून दुरुस्त होत नाही. शेवटी गटाने असे ठरवले, की त्या खोलीत खेळ थांबेल आणि पडद्यावर लिहून येईल : ‘ह्या खोलीचे कुलूप तुम्ही घातलेले नाही. ते कोणी घातले?’ पुढचे बटण नाही. १९२० साली ‘मूकनायक’च्या पहिल्या अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला जिना नसलेल्या अनेक मजली मनोऱ्याची उपमा दिली होती. वर्गाला ती त्या दिवशी वेगळ्याने कळली.

येथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. दुःखाचे कोडे करून करमणूक करणे सोपे आहे, आणि ते हीन आहे. एका गटाला चवदार तळ्याचा सत्याग्रह खेळात आणायचा होता. खेळणाऱ्याने मार खाणारा व्हावे आणि गुण मिळवावेत, अशी कल्पना निघाली. ती चर्चेअंती मुलांनीच टाकली. त्याऐवजी १९ आणि २० मार्च १९२७ ह्या दिवसांतील क्रम कागदपत्रांवरून जुळवण्याचे कोडे त्यांनी केले. कोड्याने माहितीचे दार उघडावे, जखमेचे नव्हे, अशी कसोटी आम्ही तेव्हापासून पाळतो.

दोन आक्षेपांचा विचार करू. पहिला असा, की आपल्या मुलांना नोकरी हवी आहे, खेळ कसले शिकवता? ह्याला उत्तर साधे आहे. चल, अट, यादी, लूप, फंक्शन ही तत्त्वे बँकेच्या प्रोग्राममध्ये आणि खेळात एकच आहेत. फरक हा, की खेळ दुसरा गट येऊन खेळतो, अडतो, चुका दाखवतो. म्हणजे तपासणी आणि दुरुस्ती ही धंद्यातील खरी सवय पहिल्याच महिन्यात लागते. दुसरा आक्षेप आजचा आहे : आता कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे सांगितल्याबरोबर कोड लिहून देतात, मग मुलांनी कशाला शिकावे? ती लिहून देतात हे खरे. पण ‘पाणी’बरोबर ‘पानी’ही मान्य करायचे, ‘आणि’च्या जागी ‘किंवा’ हवे, हे त्यांना सांगावे लागते. आणि जो वाचू शकत नाही तो दिलेल्या कोडमध्ये कोणाला बाहेर ठेवले आहे ते ओळखू शकत नाही. लिहिणारा यंत्र झाल्यावर वाचता येण्याची गरज वाढते.

ज्या शिक्षकांना ही रीत करून पाहायची असेल त्यांच्यासाठी व्यवहाराच्या चार गोष्टी. यंत्रे कमी असली तरी चालते. चार मुलांमागे एक पुरे. मात्र कीबोर्ड कोणाच्या हाती राहतो ह्यावर डोळा ठेवावा. मोकळे सोडले तर घरी लॅपटॉप असलेला मुलगा टाइप करतो आणि मुली वहीत नकाशा रंगवतात. म्हणून दर पंधरा मिनिटांनी हात बदलावा, आणि ज्याच्या हाती कीबोर्ड त्याने स्वतःच्या मनाने काही न लिहिता इतरांनी सांगितलेले लिहावे, असा नियम करावा. प्रयोगशाळा नसेल तर मोबाईलवर पायथॉन चालवणारी ॲप मिळतात. तेही नसेल तर पहिले दोन आठवडे चिठ्ठ्या आणि डबे घेऊन खेळ चालतो, एक मूल यंत्र होते आणि सांगितले तेवढेच करते. शेवटी, प्रत्येक खेळ गटाबाहेरच्या माणसाकडून, शक्य तर घरच्या माणसाकडून, खेळवून घ्यावा. जिची अक्षरओळख बेताची अशा आईने तो खेळताना कोठे अडते ते पाहावे. ती अडली तर तिला समजावत बसू नये, कोड बदलावे.

शिधापत्रिका, शिष्यवृत्ती, प्रवेश, पीकविमा हे व्यवहार आज प्रोग्रामच्या हाती गेले आहेत. ह्या प्रत्येकात कोठेतरी ‘जर’ आहे, ‘नाहीतर’ आहे, आणि ‘नाहीतर’च्या ओळीत उभी असलेली माणसे बहुधा आपली आहेत. अर्ज नाकारला गेल्यावर कोणत्या ओळीत नाकारला, असे विचारणारी एक पिढी तयार करणे हे काम महाविद्यालयाच्या वर्गात, दोन-चार जुन्या यंत्रांवर, होण्यासारखे आहे. शिक्षक मित्रांनी ते हाती घ्यावे, आणि आपापल्या वर्गात कोणती कुलपे निघाली ते ह्या पानांतून कळवावे.